४० मुलांत हुशार एकच? त्या मेसेजमधल्या गणिताला माझं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

"निसर्गाचा नियम आहे. कुठलाही गट घ्या, ६८ टक्के माणसं मध्यम, वरची अडीच टक्के हुशार, खालची अडीच टक्के ढ. हे गणिताने सिद्ध झालंय, याला नॉर्मल कर्व्ह म्हणतात. म्हणून ४० मुलांच्या वर्गात हुशार एकच. मार्क घंटेच्या आकारात आले नाहीत तर समजा कॉपी झाली. मोठ्या कंपन्या अप्रेझलला बेल कर्व्ह लावतात ते उगाच नाही. २६ जुलैसारखा पाऊस शंभर वर्षांतून एकदा पडतो, तोही याच नियमाने. आपलं मूल कुठे बसतं ते वेळीच ओळखा."

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या वडिलांनी हा मेसेज तिला वाचून दाखवला आणि म्हणाले, "आपण ६८ टक्क्यांतले, सायन्सचा हट्ट नको." दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "काकू, हे खरंच सिद्ध झालंय का?" मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. माझ्या विषयाच्या नावाने एका पंधरा वर्षांच्या मुलीला गप्प केलं गेलं, हे मला सहन झालं नाही. तिला जे सांगितलं तेच इथे नीट मांडते.

आधी साधी बेरीज करू. ६८ आणि अडीच आणि अडीच, झाले ७३. उरलेले २७ टक्के लोक कुठे गेले? नॉर्मल कर्व्हमध्ये सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेका प्रमाण विचलनापर्यंत (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं हे माप) सुमारे ६८ टक्के येतात, दोन-दोन विचलनांपर्यंत सुमारे ९५ टक्के. या दोन रेषांच्या मधला पट्टा मेसेजने सरळ गाळून टाकला आहे. ४० च्या वर्गात ही जवळजवळ ११ मुलं होतात. इतके फोन फिरून आलेल्या मेसेजमधली बेरीज कोणीच करून पाहिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता "निसर्गाचा नियम" आणि "कुठलाही गट". हा या मेसेजचा पाया आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

आमच्या कॉलेजात सुताराकडून करून घेतलेली एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दहा ओळी आहेत, वरून मणी सोडायचा. प्रत्येक ओळीत खिळ्यावर आपटून तो डावीकडे जाईल किंवा उजवीकडे. दहा वेळा दोन-दोन पर्याय, म्हणजे एकूण १,०२४ वाटा. त्यातल्या २५२ वाटा मधल्या खणात पोचतात, आणि अगदी डावीकडच्या खणात पोचणारी वाट एकच. भरपूर मणी सोडले की मध्ये उंच आणि कडांना उतरता असा ढीग दिसतो. कुठल्या खणात किती मणी पडतात याच्या या आकाराला द्विपद वितरण म्हणतात. ओळी वाढवत नेल्या की त्याचा आकार नॉर्मल कर्व्हकडे जातो, हे फ्रेंच गणिती द म्वाव्र यांनी १७३३ सालीच दाखवलं होतं.

ही फळी मुलांना दाखवताना मी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते. पहिली, तो ढीग घंटेसारखा का झाला? कारण प्रत्येक मण्यावर अनेक छोटे धक्के बसले, ते एकमेकांवर अवलंबून नव्हते, आणि त्यांची बेरीज झाली. या अटी आहेत. एक खिळा इतरांपेक्षा दसपट जोराने ढकलू लागला, किंवा पहिला धक्का डावीकडे बसला की पुढचे सगळे डावीकडेच बसू लागले, तर घंटा मोडते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कडेच्या खणात पडलेला मणी आणि मधल्या खणात पडलेला मणी एकाच पिशवीतले आहेत. कडेचा मणी वेगळ्या मातीचा नाही, त्याला धक्के तसे बसले एवढंच.

ज्या गोष्टींत या अटी पाळल्या जात नाहीत तिथे घंटा दिसत नाही, आणि अशा गोष्टी आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला बसने जायला लागणारा वेळच घ्या. रस्ता कितीही मोकळा असला तरी ठरावीक वेळेच्या आत बस पोचूच शकत नाही. पण कंटेनर बंद पडला तर वेळ कितीही वाढू शकतो. म्हणजे डावीकडे भिंत आणि उजवीकडे लांब शेपटी. लोकांचं उत्पन्नही असंच असतं. एका इमारतीत एकच खूप श्रीमंत कुटुंब राहायला आलं तर सरासरी उत्पन्न वर सरकतं, मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारं उत्पन्न, मात्र जवळपास तिथेच राहतो. आकार कोणताही असो, दोन विचलनांच्या आत किमान ७५ टक्के असतात, एवढीच हमी रशियन गणिती चेबिशेव्ह यांच्या असमिकेतून (म्हणजे "किमान इतके तरी" सांगणाऱ्या नियमातून) मिळते. ९५ टक्क्यांची हमी फक्त नॉर्मलसाठी आहे.

"नॉर्मल" या नावामुळेही गोंधळ झाला आहे. हे नाव रूढ करण्यात ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचा मोठा वाटा. त्यांनीच १९२० मध्ये लिहून ठेवलं की या नावामुळे लोकांना बाकीची वितरणं कुठल्या ना कुठल्या अर्थाने अ‍ॅबनॉर्मल वाटू लागतात, हा त्याचा तोटा आहे. आपल्या मराठी पुस्तकांतलं "प्रसामान्य" त्यामानाने बरं, पण रोजच्या बोलण्यात ते कोणी वापरत नाही.

"४० च्या वर्गात हुशार एकच." समजा, संपूर्ण राज्यातल्या मुलांचे मार्क अगदी काटेकोर नॉर्मल आहेत, वरच्या अडीच टक्क्यांनाच हुशार म्हणायचं हेही क्षणभर मान्य करू, आणि वर्ग म्हणजे त्यातून चिठ्ठ्या काढून निवडलेली ४० मुलं. मग द्विपद वितरणाने हिशोब असा येतो: अशा वर्गांपैकी सुमारे ३६ टक्के वर्गांत त्या अडीच टक्क्यांतलं एकही मूल नसेल, ३७ टक्के वर्गांत बरोबर एक असेल आणि साधारण २६ टक्के वर्गांत दोन किंवा जास्त असतील. सरासरी एक येते हे खरं, पण सरासरी एक म्हणजे प्रत्येक वर्गात एक नव्हे. फाशाची सरासरी साडेतीन असते, म्हणून कुणाच्या फाशावर साडेतीन पडलेत का? शिवाय खरे वर्ग चिठ्ठ्या टाकून भरत नाहीत. शाळेचं माध्यम, प्रवेशाची पद्धत, तुकड्या पाडण्याची रीत, आईवडिलांची ऐपत, या सगळ्यांची चाळणी आधीच लागलेली असते.

"मार्क घंटेसारखे नाहीत म्हणजे कॉपी." या वाक्याने उद्या कुठल्यातरी शाळेतल्या मुलांवर आळ येईल, म्हणून हे स्पष्ट सांगते. मार्कांना ० आणि १०० या दोन भिंती असतात. पेपर सोपा असेल तर मुलं १०० च्या भिंतीजवळ गोळा होतात आणि शेपटी डावीकडे लांबते. एखाद्या वर्गाची सरासरी ८५ आणि प्रमाण विचलन १० असेल, आणि तुम्ही तिथे हट्टाने नॉर्मल कर्व्ह बसवलात, तर तो वक्र सांगेल की सुमारे ६.७ टक्के मुलांना १०० पेक्षा जास्त मार्क आहेत. ४० मध्ये दोन-तीन मुलं! आकडे खोटे नाहीत, वक्र चुकीच्या ठिकाणी लावला आहे. दहावीच्या बोर्डात शाळेकडचे अंतर्गत गुण असतात, बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, खेळाचे आणि चित्रकलेचे वाढीव गुण आहेत. हे सगळं मिळवल्यावर टक्केवारीचा ढीग उजवीकडे सरकणारच. ग्रेस मार्कांमुळे ३५ च्या किंचित खाली खड्डा आणि ३५ वर उंचवटा दिसू शकतो. एकाच वर्गात दोन वेगळ्या पातळ्यांची मुलं असतील तर दोन शिखरं येतात. मी स्वतः पेपर तपासते. कॉपीचा संशय येतो तो शेजारीशेजारी बसलेल्या दोन मुलांच्या उत्तरांत तीच चूक, त्याच पायरीवर सापडली की. ढिगाच्या आकारावरून कधीच येत नाही.

कंपन्यांचं थोडक्यात सांगते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारे माझे किती तरी माजी विद्यार्थी दर मार्च-एप्रिलला हा विषय काढतात. आठ जणांच्या टीममध्ये एकाला तरी "खालच्या १० टक्क्यांत" टाकावंच लागतं, असं त्यांना सांगितलं जातं. पण सगळ्या कंपनीतून सहज उचललेल्या आठ जणांत त्या खालच्या १० टक्क्यांतला एकही नसण्याची संभाव्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के आहे. तरीही तिथे दरवर्षी कुणाचं तरी नाव लिहिलं जातं. आणि ही माणसं सहज उचललेली नसतातच, परीक्षा आणि मुलाखती घेऊन निवडलेली असतात. वाशीच्या बाजारातून हापूसची पाच डझनी पेटी आणली तर त्यात बागेतल्या सगळ्या आंब्यांची वजनं घंटेसारखी दिसतील का? पेटी वजन बघूनच भरलेली आहे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली.

२६ जुलैचा मुद्दा मला सोडवत नाही, कारण ठाणे-कल्याण पट्ट्यात त्या दिवशी पाण्यात अडकलेली माणसं आजही माझ्या ओळखीत आहेत. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. रोजच्या पावसाचं वितरण नॉर्मलच्या जवळपासही नसतं. वर्षातले बहुतेक दिवस शून्य, आणि उजवीकडे फार लांब शेपटी. टोकाच्या पावसासाठी गुम्बेलसारखी वेगळी वितरणं वापरतात. घंटा वापरली तर असा पाऊस जवळपास अशक्य ठरेल आणि नाले त्या हिशोबाने बांधले जातील.

"शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. एकदा झाला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका, असं नाही, पावसाला मागचं आठवत नसतं. २० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर ते फिटेपर्यंत असा पाऊस एकदा तरी पडण्याची शक्यता १८ टक्के येते. फासा टाकून पहिल्याच वेळी सहा पडण्यापेक्षा थोडी जास्त. शंभर वर्षांत तो एकदाही न पडण्याची शक्यताही जवळपास ३७ टक्के राहते. हा हिशोब हवामान आहे तसंच राहील असं धरून केलेला आहे.

शेवटची ओळ राहिली: "आपलं मूल कुठे बसतं ते ओळखा." इथे जी गफलत झाली आहे ती जुनी आहे. जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये हा वक्र मांडला तो आकाशातल्या ग्रहांच्या नोंदींसाठी. एकाच ग्रहाचं स्थान अनेकदा मोजलं की दर वेळी थोडी चूक होते, त्या चुकांचा आकार असा असतो. म्हणजे वस्तू एक, मोजमापं अनेक. पुढे बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी सुमारे ५,७०० स्कॉटिश सैनिकांच्या छातीची, आधीच छापून आलेली मापं वापरून तोच वक्र माणसांच्या गर्दीवर बसवला. मापं बसलीही छान. पण त्यांच्या विचारात "सरासरी माणूस" हा आदर्श ठरला आणि बाकीची खरी माणसं म्हणजे त्या आदर्शापासून झालेल्या चुका. हा मेसेज तेच करतो आहे.

आपल्या साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या आकड्यांबाबत या विचाराला हात घातला होता. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज आणि खाणं दिवसागणिक बदलतं. म्हणून सरासरीच्या खाली दिसलेल्या प्रत्येकाला कुपोषित मोजू नका, असं त्यांचं म्हणणं. भुकेच्या मोजमापाबाबतच्या त्यांच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला चढउतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांच्या लेखनातून शिकले आणि पुढे वर्गात शिकवलं.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तुझ्या एका चाचणीतले मार्क हे एकदा घेतलेलं मोजमाप आहे. त्या दिवशीची झोप, पेपरात आलेला धडा, तपासणाऱ्याचा हात, हे सगळे छोटे धक्के त्यात आहेत. घंटा काढायचीच तर ती तुझ्याच मार्कांभोवती निघेल, आणि तिचा मध्य अभ्यासाने सरकतो. दोन हजार मुलांच्या ढिगात तू कुठल्या खणात आहेस यावरून पुढच्या वर्षी तुला रसायनशास्त्र जमेल की नाही, हे कुठलाही वक्र सांगू शकत नाही.

तिच्या वडिलांना मी घरी बोलावून फळी दाखवली. त्यांनी बराच वेळ मणी सोडून पाहिले. मग म्हणाले, "ताई, मला कुणी असं दाखवलंच नव्हतं." रविवारी ती गणिताच्या तिन्ही सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन येणार आहे. भूमितीत ती वर्तुळाच्या प्रमेयापाशी अडते असं म्हणाली, तिथून सुरुवात करू.