रक्त नेलंत, निकाल कधी आणणार?

बडोद्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीचा विषय निघाला की बायकांमध्ये कुणीतरी हमखास म्हणतंच, "ती लस ना? त्यातच मुली गेल्या होत्या आपल्याकडे." हळदीकुंकवाला म्हणतात, शाळेच्या फाटकाशी म्हणतात. दांडिया बाजारातल्या माझ्या मावससासूबाईंनी तर नातीची डॉक्टरांकडची वेळच रद्द करायला लावली. मला त्यांचा राग येत नाही. ही भीती कुठून तरी उगाच आलेली नाही, ती आपल्याच जिल्ह्यातून आली आहे. पण तेव्हा काय झालं आणि पुढे त्यातून काय निघालं, हे त्यांना कुणी येऊन सांगितलंच नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

२००९ मध्ये पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेने आयसीएमआर (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि दोन राज्य सरकारांना बरोबर घेऊन एचपीव्ही लशीचा, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याच्यावरच्या लशीचा, प्रकल्प सुरू केला. तेव्हाच्या आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला आपला. आपल्याकडचे तालुके तीन: डभोई, शिनोर आणि कवांट. (कवांट तेव्हा आपल्यातच होतं, छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला तो २०१३ मध्ये.) मुली १० ते १४ वर्षांच्या. लस कंपन्यांनी फुकट दिलेली, पैसा गेट्स फाउंडेशनचा. काही महिन्यांतच सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, पाच आंध्रातल्या, दोन गुजरातेतल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं.

आपल्याकडच्या त्या दोन मुलींपैकी एकीला साप चावला होता आणि दुसरीला मलेरिया झाला होता. सातही मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत आढळलं नाही. एवढं सांगून बरेच डॉक्टर विषय संपवतात. मला ते पटत नाही, कारण त्याच चौकशीत दुसरंही काही निघालं होतं. आंध्रात आश्रमशाळांमधल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रकांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. लस दिल्यावर मुलीला काही झालं तर त्याची नोंद कुणी ठेवायची, याची व्यवस्था धड नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने यावर फार कडक शब्दांत अहवाल दिला. म्हणजे लशीने मुली मेल्या नाहीत हे खरं, आणि त्यांच्या घरच्यांना विचारण्याची रीत पाळली गेली नाही हेही तितकंच खरं.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग, जो बडोद्यात मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. त्याच सुमारास देशात एक वेगळा अभ्यास चालू होता. फ्रान्समधली आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आणि आपल्याकडची हॉस्पिटलं मिळून तो करत होती. पुणे, बार्शी आणि अहमदाबाद त्यात होते. तीन डोसांऐवजी दोन डोस पुरतील का, एवढाच प्रश्न होता. एप्रिल २०१० च्या आदेशाने तोही मध्येच थांबला. काही मुलींचे तिन्ही डोस झाले होते, काहींचे दोन, आणि हजारो मुलींचा एकच. दुसरा कुणी असता तर फाइल बंद करून मोकळा झाला असता. या लोकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षं त्या मुलींच्या घरी जात राहिले. त्या मोठ्या झाल्या, लग्नं होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तरी त्यांना शोधून काढलं. २०२१ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: एचपीव्ही १६ आणि १८ या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण, आणि तीन डोसांनी ९३.३. म्हणजे फरक नाहीच. केनिया आणि कोस्टा रिकातल्या अभ्यासांनीही हेच सांगितलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. गरीब देशांचा खर्च त्यामुळे किती खाली आला असेल, विचार करा. बार्शीजवळच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीच्या दंडावर टोचलेल्या एका सुईमुळे आफ्रिकेतल्या मुलीला लस परवडते आहे.

हे त्या मुलीला माहीत आहे का? मला राहून राहून हा प्रश्न पडतो.

उस्मानाबादचंही तसंच. आताचा धाराशिव जिल्हा. तिथल्या खेड्यांमधल्या १ लाख ३१ हजार बायकांवर एक अभ्यास झाला, १९९९ मध्ये सुरू झालेला. ३० ते ५९ वयाच्या निरोगी बायका, चार गट, आणि त्यातल्या तीन गटांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी वेगवेगळ्या पद्धतीने. चौथ्या गटाला तपासणी नाही, नेहमीचे उपचार तेवढे. २००९ मध्ये निकाल छापून आले तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या होत्या आणि विनातपासणीच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी पहिली करा म्हणते. त्या चौथ्या गटातल्या ३१ हजारांहून अधिक बायकांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. अभ्यास करणारे म्हणाले, देशात तेव्हा अशी तपासणी कुठेच होत नव्हती. टीका करणारे म्हणाले, अशा तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच ठाऊक होतं. मला स्वतःला टीकाकारांची बाजू जड वाटते. भारतात अजूनही वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका या एका कॅन्सरने जातात. इतकं ज्ञान आपल्याच बायकांच्या शरीरातून निघालं आणि आपल्याच घरोघरी ते पोहोचलेलं नाही.

कुणी म्हणेल, मग हे अभ्यास नकोतच. बाहेरच्यांनी बाहेर करावेत, आपण तयार औषध घ्यावं. असं चालत नाही हो. बीसीजीची लस बघा. ब्रिटनमधल्या चाचणीत शाळकरी मुलांना क्षयापासून तीन चतुर्थांशांहून जास्त संरक्षण मिळालं. तमिळनाडूत चिंगलपट्टूला १९६८ मध्ये अडीच लाखांवर माणसांची चाचणी सुरू झाली, १५ वर्षं पाठपुरावा झाला, आणि मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिसलंच नाही. (तान्ह्या बाळांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून आजही देतात आणि दिलीच पाहिजे.) पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आज आपले डॉक्टर बीएमआय २३ च्या वर गेला की टोकतात, २५ ची वाट बघत नाहीत, ते अशाच अभ्यासांमुळे. आणि भारत म्हणजे तरी एक कुठे आहे? आयसीएमआरने सगळ्या राज्यांत घरोघरी जाऊन मधुमेह मोजला, तर गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८. युरोपातल्या माणसाचं माप आपल्याला लागू होत नाही, तसं पणजीचं माप लखनौलाही होत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दार वाजवून रक्त घ्यावंच लागतं.

ते दार वाजवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून. छोटा उदेपूर, कवांट, पावी जेतपूर. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका सर्वेक्षणातलं एक घर सांगते. राठवा आदिवासींचं घर, आतल्या भिंतीवर पिठोरा हे देवाचं चित्र रंगवलेलं, घोड्यांच्या रांगा. ओट्यावर सासू मका सोलत होती, सून मांडीवर मूल घेऊन बसलेली. आठ पानी संमतीपत्रक मी वाचत होते, आशाबहेन, म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, त्यांच्या बोलीत समजावत होती. पानं संपली, अंगठा झाला, टेक्निशियनने बोटातून रक्त घेतलं. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाईंनी हातातलं कणीस खाली ठेवलं आणि विचारलं, "रिपोर्ट आपवा पाछा आवशो ने?" परत याल ना रिपोर्ट द्यायला? त्या आठ पानांत सगळं होतं. धोके, गुप्तता, फोन नंबर. रिपोर्ट कधी आणि कोण आणून देणार, एवढं नव्हतं.

आणि रिपोर्ट दिले गेले नाहीत. ज्या संस्थेचं काम होतं तिचा निधी मार्चमध्ये संपला. पेपर छापला गेला, पाकिटं कपाटात राहिली. मी पत्र लिहिलं, साहेबांना जाऊन भेटले. उत्तर मिळालं, "बजेटमध्ये तो हेडच नाही." माणसं वाईट नव्हती. पण हेड नव्हता म्हणजे सुरुवातीपासून कुणाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं.

सिकलसेलमध्ये तो कागद म्हणजे काय असतो ते सांगते. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही सदोष जनुक आले तर आजार होतो. एकच आला तर माणूस वाहक, स्वतः ठणठणीत. पण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी निघेल: हाडं फोडणाऱ्या वेदना, वारंवार कावीळ, रक्त भरायला हॉस्पिटलच्या फेऱ्या. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात, पण आधी आजार आहे हे कळायला हवं ना. २०२३ च्या जुलैत शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, आणि त्यात हातात कार्ड देण्याची सोय आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या संशोधकांना असं कार्ड देणं हे आपलं काम वाटत नाही, त्यांनी त्या वस्तीतून रक्त घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर निम्मं फळियं, म्हणजे निम्मी वस्ती, सौराष्ट्रात मजुरीला जाते, घरांना कुलपं. पण होळीला सगळे परततात. कवांटच्या मेळ्याला तर नाहीच चुकत कुणी. निकाल द्यायचे तर त्या आठवड्यात द्या! हे कुठल्याही आशाबहेनला विचारलं असतं तरी कळलं असतं. वेळापत्रक मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे लागतं.

आणि आता आपल्याबद्दल. कवांटमध्ये मला कुणी दारातून परत पाठवलं नाही. बडोद्यात पाठवलं. मधुमेहाच्या सर्वेक्षणात आपल्या मराठी सोसायट्यांमध्ये, चांगली शिकली-सवरलेली माणसं जाळीच्या दाराआडून म्हणायची, "आमच्यावर प्रयोग नकोत, आमचे डॉक्टर आहेत." नाही म्हणायचा हक्क त्यांना आहेच. पण ज्यांना नाही म्हणायची ताकद आहे ते सगळे नाही म्हणाले, तर सगळा भार ज्यांना ती नाही त्यांच्यावर पडतो. सयाजीबागेत रोज सकाळी चालणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना साखरेची गोळी चालू आहे. ती गोळी कुणाच्या तरी रक्तावरच पारखली गेली. आपण फॉर्म वाचू शकतो, प्रश्न विचारू शकतो, मध्येच बाहेर पडू शकतो. मग अभ्यासाला सगळ्यात आधी आपणच बसायला हवं. आपण प्रश्न विचारले की फॉर्मही सुधारतात, हे मी पाहिलं आहे.

कुणी तुमच्या दाराशी आलं तर विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी कुठली? माझा रिपोर्ट कोण देणार आणि कधी? त्यात काही निघालं तर उपचार कुठे? नवीन औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ती सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते, आणि २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, तीही विचारा. समोरचा प्रामाणिक असेल तर तो आनंदाने उत्तरं देईल.

मावससासूबाईंना मी हे सगळं बसून सांगितलं, सापाचं, मलेरियाचं आणि वॉर्डनच्या सहीचंही. त्या म्हणाल्या, "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?" नातीची नवीन वेळ घेतली आहे.

माझ्या यादीत इथले बरेच डॉक्टर, एमडीचे विद्यार्थी आणि न्यूट्रिशनच्या मुली आहेत. तुमच्यापैकी कुणी थेसिससाठी छोटा उदेपूर पट्ट्यातून सॅम्पल घेतली असतील आणि निकाल अजून तुमच्याकडेच असतील, तर मला मेसेज करा. प्रत्येक घराचा रिपोर्ट बंद पाकिटात, आणि पूर्ण अभ्यासात काय निघालं ते साध्या गुजरातीत एका पानावर, एवढं तयार ठेवा. मी होळीच्या आठवड्यात कवांटला जाणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत आणि बोलीत समजावून सांगायला जुनी आशाबहेन यायला तयार आहे.