जॅकी रॉबिन्सन कॉलेजातून थेट मेजर लीगमध्ये? नाही!

‘जॅकी रॉबिन्सन यूसीएलएचा बेसबॉल स्टार होता, तिथूनच डॉजर्सनी त्याला उचललं’ असा मजकूर या अमेरिकी बेसबॉलपटूबद्दल फिरतोय. (डॉजर्स म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला तेव्हाचा ब्रुकलिनचा संघ.) तो चुकीचा आहे. यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, रॉबिन्सन चार खेळ खेळला, १९४० साली लांब उडीत एनसीएए (अमेरिकी कॉलेजांची क्रीडा संघटना) स्पर्धेचा विजेताही ठरला. पण त्याच वर्षी बेसबॉलमधली त्याची फलंदाजीची सरासरी होती .०९७, म्हणजे शंभर संधींत दहासुद्धा हिट (यशस्वी फटके) नाहीत! पुढे लष्करातली नोकरी, १९४५मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगमधला कॅन्सस सिटी मोनार्क्स, १९४६मध्ये डॉजर्सचाच दुय्यम संघ माँट्रियल रॉयल्स. मग कुठे १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिनच्या मैदानावर मेजर लीगमध्ये पदार्पण. मधली ही वर्षं गाळणं त्याच्यावर अन्याय आहे. कॉलेजातून थेट मेजर लीग गाठणाऱ्याचंच उदाहरण हवं असेल, तर १९७३चा डेव्ह विनफिल्ड घ्या.