बोनेरमधील उघड्या गाड्या : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोनेरच्या किनाऱ्यावरील स्कूबा डायव्हिंगविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. पाण्यात उतरताना भाड्याच्या पिकअपला कुलूप लावू नये, काचा खाली ठेवाव्यात आणि गाडीत मोलाची एकही वस्तू राहू देऊ नये, असे मी त्या लेखात सुचवले होते. आपला आक्षेप असा, की हा सल्ला म्हणजे चोरांपुढे पत्करलेली शरणागती आहे आणि त्यामुळे चोरीचा दोष पर्यटकाच्याच माथी येतो. पर्यटकांकडून कर आणि शुल्क घेणाऱ्या प्रशासनाने डायव्हिंगच्या प्रत्येक ठिकाणी पहारा ठेवावा, आणि तोवर दोघांपैकी एकाने गाडीपाशी थांबावे, असे आपण सुचवता. शेवटी आपण विचारले आहे, की फोनसुद्धा हॉटेलच्या खोलीवर ठेवायचा असेल तर अपघात झाल्यावर मदत मागायची कशी? या सर्वांत हा शेवटचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु आपण सर्वाधिक लिहिले आहे ते कुलपाविषयी, म्हणून आधी त्याकडे वळतो.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला असलेले लहान बेट आहे. तेथे वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याचे पाणी शांत राहते, आणि प्रवाळाचा उतार काठापासून थोडेसे पोहून गाठता येतो. त्यामुळे बोटीची गरज पडत नाही. पिकअपच्या हौद्यात सिलिंडर ठेवायचे, रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर रंगवलेले ठिकाणाचे नाव पाहून गाडी वळवायची, तिथेच साज चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचे, अशी ही पद्धत आहे. जी सोय डायव्हरला भुरळ घालते तीच चोराच्याही पथ्यावर पडते. काठावर उभी पिकअप आणि थोड्या अंतरावर पाण्यात उठणारे बुडबुडे एवढे दिसले, की गाडीचे भाडेकरू पाण्याखाली आहेत, पाऊण तास ते तासभर परतणार नाहीत, आणि अवचित परतलेच तरी पाठीवर सिलिंडर व पायांत फिन्स असताना धावत येऊ शकणार नाहीत, हे कोणालाही कळते. इतकी निर्धास्त संधी दुसऱ्या कोणत्या पर्यटनात चोराला मिळत असेल, हे मला तरी सांगता येणार नाही.

अशा ठिकाणी कुलूप काय राखणार? दक्षिणेकडे मिठागरांच्या कडेने जाणारा रस्ता बराचसा निर्जन असतो आणि काच फोडायला काही क्षण पुरतात. फुटल्याचा आवाज ऐकायलाही बहुधा कोणी नसते. काही जागी गाडी उभी करताना मातीत काचेचे बारीक दाणे चमकताना दिसतात. त्यांचा अर्थ बेटावरील डायव्हरना वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय काचा उतरवलेल्या गाड्यांच्या रांगेत एकच गाडी बंद असेल, तर आत काहीतरी ठेवले आहे हे तीच जाहीर करते. चोराच्या हाती दहा डॉलरचा गॉगल लागो वा काहीच न लागो, फुटलेल्या काचेचा भुर्दंड करारातील अटींनुसार गाडी घेणाऱ्यावर येऊ शकतो. त्यातच बेटावर बहुतेक माल बाहेरून येतो, त्यामुळे नवी काच लगेच मिळेल याची खात्री नसते. गाड्या भाड्याने देणारे अनेक जण स्वतःच दारे उघडी ठेवायला सांगतात, ते याच हिशेबाने.

आपण ‘शरणागती’ म्हणालात, म्हणून विचारतो, की रिकामी गाडी उघडी ठेवणाऱ्याने नेमके काय गमावले? त्या सल्ल्याचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग अधिक वजनाचा आहे. पुष्कळ लोक पहिला भाग उत्साहाने पाळतात, म्हणजे काचा खाली करतात, आणि मग पाकीट सीटखाली सरकवतात किंवा फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात. पिकअपला बंद डिकी नसते; त्यामुळे लपवण्याच्या जागा मोजक्याच असतात, आणि त्या सर्वांना सुचतात तशा चोरालाही सुचतात. चाकाच्या वर किंवा जवळच्या दगडाखाली ठेवलेल्या चावीचीही हीच गत होते. उघडी गाडी आणि आत दडवलेले पाकीट ही सर्वांत वाईट जोडी होय, आणि तिचा पुरस्कार माझ्या लेखात कोठेही नाही.

चावीचा विषय थोडा विस्ताराने मांडतो, कारण पाकीट खोलीवर ठेवता येते, चावी ठेवता येत नाही. बटणांची इलेक्ट्रॉनिक चावी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. म्हणून गाडी घेतानाच साधी धातूची चावी मिळेल का, हे विचारून घ्यावे. ती क्लिपने बीसीडीच्या, म्हणजे डायव्हरच्या हवा भरता येणाऱ्या जाकिटाच्या, बंद खिशात अडकवावी. खिशात नुसती टाकू नये, कारण पाण्याखाली कधीतरी दुसऱ्या कामासाठी तोच खिसा उघडावा लागतो. इलेक्ट्रॉनिक चावीच मिळाली, तर ती ठेवण्यासाठी खोल पाण्याचा दाब सोसणारी कडक, झाकणबंद डबी लागते. समुद्रकिनाऱ्यावरील दुकानांतून मिळणाऱ्या मऊ पारदर्शक पिशव्या पोहणाऱ्यांसाठी ठीक असतात, पण ३० मीटर खोल पाण्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही. गाडीत राहू द्यावे ते जुने टॉवेल, पिण्याचे पाणी आणि झिजलेल्या चपला. त्याही कधी नाहीशा होतात, आणि मग तापलेल्या खडकावरून अनवाणी चालताना माणूस जे बोलतो ते येथे लिहिण्यासारखे नसते.

दोष पर्यटकावर ढकलल्याचा आरोप मला मान्य नाही. चोरीचा दोष चोराचा आणि बंदोबस्ताची जबाबदारी पोलिसांची, याविषयी लेखात दुमत नव्हते. परंतु एका आठवड्यासाठी गेलेल्या माणसाला त्या आठवड्यात काय करता येईल, हा प्रश्न वेगळा आहे आणि लेख त्याच प्रश्नापुरता होता.

प्रशासनाविषयी आपण रागाने लिहिले आहे आणि त्या रागाला जागा आहे, परंतु त्याचा पत्ता नीट लिहायला हवा. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेर हा नेदरलँड्सचा विशेष दर्जाचा नगरपालिका-प्रदेश आहे आणि १ जानेवारी २०११ पासून तेथे अमेरिकन डॉलर चालतो. पर्यटक तेथे दोन वेगळ्या रकमा भरतो. एक आहे २०२२ च्या जुलैपासून लागू झालेला ७५ डॉलरचा प्रवेश कर, जो बेटाच्या तिजोरीत जातो. दुसरे आहे निसर्ग शुल्क. ते स्टिनापा या संस्थेकडे जाते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या सागरी उद्यानाची देखभाल ही संस्था करते. प्रवाळ, नांगर टाकण्यावरील बंदी, बोटी बांधण्याचे तरंगते बोये, डायव्हरनी पाळायचे नियम हे तिचे काम आहे; गाड्यांची राखण हे तिचे काम नाही. पोलीस दल तर बेटाच्या तिजोरीवरही चालत नाही, ते हेगमधील न्याय व सुरक्षा मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. म्हणून ‘निसर्ग शुल्क घेता, मग पहारेकरी का नाही’ हा सवाल स्टिनापाच्या खिडकीत बसलेल्या कर्मचाऱ्याला करून काही हाती लागणार नाही. प्रवेश कराविषयी मात्र तो बेटाच्या सरकारला जरूर विचारावा.

तरीही प्रत्येक ठिकाणी पहारा ठेवावा हे मला पटत नाही. उत्तरेच्या कार्पातापासून दक्षिण टोकापर्यंत काठावरून उतरता येईल अशी पन्नासहून अधिक ठिकाणे आहेत. त्यांतील कित्येक म्हणजे रस्त्याकडेला दोन-तीन गाड्यांपुरती मोकळी जागा आणि एक पिवळा दगड, एवढीच असतात. पहारेकरी आला की त्याच्या वेळा आल्या, मग फाटक आले, फाटकाचे शुल्क आले. शेजारच्या कुरासाओमध्ये पोर्तो मारीसारख्या किनाऱ्यांवर प्रवेशाचे पैसे द्यावे लागतात आणि जाण्यायेण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. बालीतील तुलांबेन येथे लिबर्टी जहाजाच्या अवशेषांवर डायव्ह करणाऱ्यांचे सिलिंडर गावातील हमाल, त्यांत बहुतांशी स्त्रिया, डोक्यावरून काठापर्यंत नेतात. किनाऱ्यावर माणसांची वर्दळ असते आणि गाडीपाशी बहुधा चालक थांबलेला असतो. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण पहाटे पाचला किंवा रात्री नऊला मनात येईल तिथे गाडी थांबवून पाण्यात उतरणे, हे बोनेरला जाण्याचे कारण असेल, तर फाटकाने ते कारणच संपते. थाउजंड स्टेप्स (नाव हजाराचे असले तरी पायऱ्या शंभरही नाहीत), सॉल्ट पियर आणि हिल्मा हूकर हे बुडालेले जहाज यांसारख्या गर्दीच्या चार-पाच जागी पोलिसांनी नियमित गस्त घालावी, ही मागणी मात्र रास्त आहे. तिच्याखाली मीही सही करीन.

मी स्थानिकांना पाठीशी घालतो, हे आपले वाक्य थोडक्यात निकालात काढतो. २०११ मध्ये बेटाची लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास होती, आता ती २५ हजारांच्या पुढे गेली आहे, आणि महागाईमुळे तेथे अनेक कुटुंबांना महिना काढणे अवघड जाते. ही माहिती मी लेखात दिली होती. त्यावरून चोरी क्षम्य ठरते असे मी म्हटले नाही. तेथे राहणाऱ्यांच्या घरांतून आणि गाड्यांतूनही चोऱ्या होतात, त्यामुळे त्यांनाही ती क्षम्य वाटत नाही.

एकाने गाडीपाशी थांबावे, ही आपली सूचना मला धोकादायक वाटते. दोघेच गेले असतील तर तिचा अर्थ एकजण पाण्यात एकटा उतरतो. हवा संपत आली, दोरीत अडकलो, पायात गोळा आला, अशा वेळी शेजारी श्वासासाठी दुसरा रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा तोंडापर्यंत आणणारे साधन) घेऊन कोणी असणे हा डायव्हिंगच्या शिस्तीचा पाया आहे, आणि गॉगल वाचवण्यासाठी तो मोडणे मला अजिबात मान्य नाही. चौघे असल्यास जोड्यांनी आळीपाळीने उतरणे शक्य आहे आणि तसे करणारे गटही असतात. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवण्याचा आणखी एक तोटा फारसा बोलला जात नाही. ज्याचे मन वर पाकिटापाशी अडकले आहे तो डायव्हर घाईने परत फिरतो, आणि सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबणे, त्याला नकोसा होतो. रिकामी गाडी मागे ठेवून उतरलेल्याला ही टोचणी नसते.

आता फोन. येथे आपली हरकत योग्य आहे आणि तिचे उत्तर केवळ ‘फोन खोलीवर ठेवा’ एवढ्याने होत नाही. जुना स्वस्त फोन गाडीतच ठेवावा, तो गेला तरी फारसे नुकसान नाही, असे काही जण सुचवतात. पण मग नेमका गरजेच्या वेळी तो चोरीला गेलेला असू शकतो, म्हणून हा उपाय मला भरवशाचा वाटत नाही. खोल पाण्याचा दाब सोसणारा प्रमाणित डबा घेऊन त्यात स्थानिक सिम घातलेला लहान फोन ठेवावा, आणि तो डबा अंगावरच्या साजाला अडकवून पाण्यात न्यावा, हा मार्ग अधिक खात्रीचा आहे. झाकणाच्या आत तेथील आपत्कालीन क्रमांक, आपल्या डायव्हिंग दुकानाचा क्रमांक आणि विमा कंपनीचा क्रमांक लिहिलेला कागद असावा. डायव्हरच्या आजारावर उपचार करणाऱ्या हायपरबेरिक चेंबरची (वाढीव दाबाच्या कक्षाची) सोय बेटाची राजधानी क्रालेंडाइकमध्ये आहे. डीकम्प्रेशनची, म्हणजे दाब झपाट्याने कमी झाल्याने होणाऱ्या आजाराची, लक्षणे दिसल्यास स्वतः गाडी चालवत निघण्यापेक्षा आधी फोन करणे बरे. शिटी आणि फुगवता येणारा सिग्नल बोया दोघांकडेही हवा, कारण वारा किंवा प्रवाह काठापासून दूर नेऊ लागला, तर काठावरच्या गाडीतला कोणताही फोन निरुपयोगीच असतो.

तक्रार करून उपयोग नाही, असे आपल्या मित्राला तेथे कोणीतरी सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ते ऐकू नये. गेलेली वस्तू परत मिळण्याची आशा कमी असली, तरी विमा कंपनी दाव्यासोबत बहुधा पोलिसांचा अहवाल मागतेच, आणि नोंदच झाली नाही तर कोणत्या जागी गस्त हवी हे पोलिसांना दाखवायला आकडाही उरत नाही. तक्रारीसाठी पासपोर्टची व गाडीच्या कराराची प्रत, ठिकाणाचे नाव, पाण्यात उतरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ एवढे लागेल. उतरल्याची वेळ डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे मनगटावरच्या खोली व वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात, मिळते. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचे अनुक्रमांक प्रवासाला निघण्यापूर्वीच टिपून ठेवलेले असतील, तर पोलीस ठाण्यातील काम बरेच लवकर आटोपते.