कोटिंगची आग आणि ‘चूक कामगाराचीच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात कारखान्यांतल्या इंधनाच्या आगींबद्दल लिहिलं होतं. त्यावर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) चालवणाऱ्या एका वाचकांनी नाराजी कळवली आहे. धातू ओतायच्या साच्याला, म्हणजे मोल्डला, आतून जो लेप देतात ते कोटिंग; त्यातलं स्पिरिट पेटवून ते सुकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘सगळा दोष तुम्ही मालकांवर टाकलात. आमच्याकडे कोटिंग पेटवल्यावर एका पोरानं त्याच मोल्डवर कॅनमधून परत स्पिरिट ओतलं आणि हात भाजून घेतला. करू नको म्हणून सांगितलेलं होतं. मलम लावलं, दवाखान्याचा खर्च दिला, कागदावर सही घेऊन विषय मिटवला. एक्स्टिंग्विशर भिंतीला होताच. आणखी काय करायचं?’

साहेब, तुम्ही काहीही न लपवता लिहिलंत, म्हणून उत्तरही खोलात जाऊन देतो.

ग्राफाइट किंवा झिरकॉनचं कोटिंग कालवायला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात; तेच हे स्पिरिट. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते ते, 12 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे बेळगावच्या थंडीतही दिवसभर डब्याच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ असते. त्यातून त्याची ज्योत फिकट. पत्र्याच्या फटींतून ऊन आत येत असेल तर पटकन दिसत नाही. वरून मोल्ड विझलेला वाटतो, पण रनरच्या (धातू आत वाहण्यासाठीच्या) खाचेत, कोपऱ्यात साचलेलं स्पिरिट जळतच असतं. कोटिंग पातळ बसलंय म्हणून पोरगं पुन्हा ओततं, ज्योत धारेवरून वर चढते आणि कॅनमधली वाफ पेटते. आत वाफेला जितकी जागा जास्त, तितका जोर जास्त. त्यामुळे भरलेल्या कॅनपेक्षा अर्धा रिकामा कॅन घातक. जळतं स्पिरिट पिचकारीसारखं बाहेर उडतं, ते ओतणाऱ्याच्या हातावर नाहीतर समोरच्याच्या अंगावर.

आता ‘सांगितलं होतं’ याकडे येऊ. पेटत्या मोल्डशेजारी पाच लिटरचा कॅन का होता? कोटिंग एका मोल्डपुरत्या, झाकणाच्या लहान भांड्यात द्यायचं. पेटवण्याआधी झाकण लावून भांडं पाच-सहा पावलं लांब ठेवायचं. पेटवायचं ते लांब दांड्याच्या मशालीनं, बाजूला उभं राहून. दुसरा हात मारायचा असेल तर मोल्ड पूर्ण गार होऊ द्यायचा, आणि मारायचा तो ब्रशनं, ओतून नाही. स्पिरिटचा साठा शेडच्या बाहेर. टेरीकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो, म्हणून जाड सुती कपडे मालकानं पुरवायचे. पाण्यातलं कोटिंग वापरलं तर ही आगच उरत नाही. मात्र ते सुकवायला ओव्हन किंवा गरम हवा लागते, तो खर्च आहे.

पण खरी अडचण मला वेगळी दिसते. मोल्डर ठेकेदाराकडे मोल्डमागे पैसे घेत असेल, तर मोल्ड गार होईपर्यंत थांबण्याचे पैसे त्याला कोण देतं? ती मिनिटं त्याच्या मजुरीतून जात असतील, तर ‘थांब’ असं नुसतं तोंडानं सांगून काही उपयोग नाही.

कायदाही असंच बघतो. 1923 च्या भरपाई कायद्यात, आणि आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, कामावर झालेल्या इजेची भरपाई मिळवायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगार दारूच्या अमलात होता, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं मुद्दाम मोडला, अशा मोजक्या गोष्टींत मालकाला सूट आहे. पण मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही सूट नाही. नुसता निष्काळजीपणा म्हणजे हुकूम मोडणं नव्हे, आणि सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत रोज चालणारी पद्धत तर नव्हेच नव्हे. माणूस ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही.

तुमच्याकडे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर लाभ तिकडून मिळतात, आणि ते नोकरीच्या पहिल्या दिवसापासून: उपचार, आणि काम बंद असलेल्या दिवसांचे सरासरी वेतनाच्या सुमारे 90 टक्के. त्यासाठी अपघाताचा अहवाल मात्र तुम्हीच भरायचा. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाने खात्यालाही कळवावं लागतं.

तुम्ही लावलेल्या मलमाबद्दल. भाजल्यावर पहिलं औषध वाहतं गार पाणी, तेही 20 मिनिटं घड्याळ लावून. अपघाताला तीन तास होईपर्यंत त्याचा फायदा होतो. एप्रिलमध्ये पत्र्यावरच्या काळ्या टाकीचं पाणी पोळतं, म्हणून एक पिंप सावलीत भरून ठेवा. स्पिरिटनं भिजलेले कपडे काढा, चिकटलेलं कापड ओढू नका. अंगठी आणि कडं सूज चढण्याआधी काढा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काहीही नको. जखमेवर स्वच्छ क्लिंग फिल्म (अन्न झाकायचा पातळ पारदर्शक प्लास्टिक कागद) सैल ठेवा आणि 108 ला फोन करा. माणसाच्या पंज्याएवढं कातडं म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. तेवढंच भाजलं असलं तरी हात, चेहरा किंवा सांधा असेल तर रुग्णालय गाठायचंच. आवाज घोगरा झाला, नाकात काजळी दिसली, तर श्वासनलिका सुजत असते. तिथे एक मिनिटही दवडू नका.

राहिला तो कागद. कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी कायद्यात त्याला किंमत नाही. त्यातून आपल्या भागात हे कागद बहुधा कन्नडमध्ये असतात आणि सही करणारा फक्त मराठी वाचणारा. मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय कुणीही सही करू नये. पोलिसांत फिर्याद दिली तर ती वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं बंधनकारक आहे.

भाजल्याचा व्रण स्थिरावायला वर्षभर लागतं. तोवर बोटं आखडत जातात, म्हणून पहिल्या महिन्यात ठरवलेली रक्कम खऱ्या नुकसानीची नसते. ईएसआय लागू नसेल तर भरपाई कायद्याप्रमाणे 30 वर्षांच्या माणसाचं पगाराची 15,000 ची कमाल मर्यादा धरून बघा: तिचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले त्या वयासाठी कायद्यात दिलेला आकडा 207.98. पूर्ण अपंगत्वाला 18,71,820 रुपये होतात. कमाईची ताकद 30 टक्के गेली तर 5,61,546. दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागतो. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हे त्या मुलाला तुम्हीच सांगा. आणि त्याआधी त्याला मूठ मिटता येते का ते बघा. येत नसेल तर याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे न्या. स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारी पट्टी) आणि प्रेशर ग्लोव्ह (व्रणावर दाब देणारा घट्ट हातमोजा) यांचा उपयोग व्रण कोवळा आहे तोवरच जास्त होतो.