फक्त दोनच सीट शिल्लक

नोकरी करता करता ऑनलाइन एमबीए करावं, असा विचार मनात येणं हा गुन्हा नाही. पण तो मनात ठेवावा. एखाद्या वेबसाइटवर चौकशीसाठी मोबाइल नंबर टाकला, की पुढचे पंधरा दिवस फोन आपला राहत नाही. पलीकडचे 'काउन्सेलर' दुसऱ्याच मिनिटाला सांगतात, "सर, फक्त दोनच सीट शिल्लक आहेत." वर्गाला खोली नाही, खोलीत बाक नाही, तरी सीट संपत आलेल्या!

अशा वेळी मी एकच विचारायला सांगतो: "या सत्राच्या डीईबीच्या यादीत हा कोर्स ऑनलाइन म्हणून आहे का?" डीईबी म्हणजे यूजीसीचा, अर्थात विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दूरशिक्षण विभाग. पलीकडे क्षणभर शांतता, मग "सर, यूजीसी अप्रूव्हड आहे ना!" हे उत्तर नव्हे. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि हीच पदवी, ऑनलाइन, याच सत्रात द्यायची परवानगी असणं वेगळं. जुलैच्या यादीतला कोर्स पुढच्या सत्रात गायब असू शकतो. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारी माणसं दीड लाखाची पदवी माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावरून घेतात, याचं मला कायम नवल वाटतं.

इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या ऑनलाइन देताच येत नाहीत. ऑनलाइन एलएलबी देऊ म्हणणारा भेटलाच, तर त्याच्यावर केस करायला वर्गात बसून शिकलेला वकील गाठावा.

फोन करणारी कंपनी म्हणजे विद्यापीठ नव्हे. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला यूजीसीची बंदी आहे. म्हणून फी भरायची ती विद्यापीठाच्याच खात्यात. 'नो कॉस्ट ईएमआय'चा फॉर्म पुढे आला, तर वरचं नाव वाचा. बऱ्याचदा ते एखाद्या फायनान्स कंपनीचं असतं आणि आपण सही करतो ती कर्जावर. तिसऱ्या महिन्यात कोर्स सुटतो, हप्ता सुटत नाही.

आता "रोज फक्त अर्धा तास" या गोड वाक्याकडे येऊ. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या हिशेबाने 1 क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास, म्हणजे 4 क्रेडिटच्या एका विषयाला 120 तास. रोज अर्ध्या तासाने 24 आठवड्यांत भरतात 84. एक विषयसुद्धा पुरा होत नाही, आणि सत्राला विषय असतात पाच-सहा.

प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, त्याला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर), त्याला आधार. इथे आपली मराठी नावं घात करतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधारवर सासरचं, मार्कशीटवर माहेरचं. नावं आधी जुळवून घ्या. शेवटच्या तारखेच्या रात्री हे काम होत नाही.

आणि परीक्षा. लेखी विषयात निदान 70 टक्के वजन सत्राअखेरच्या परीक्षेला. ती घरून द्यायची असेल, तर कॅमेऱ्याला मागे दुसरं माणूस चालत नाही. वन बीएचकेत ही अट एमबीएपेक्षा अवघड. दाराला आतून कडी लावा, कुकर आधीच उतरवून ठेवा, आणि आईला बजावून सांगा, की पोरगं कितीही सुकलेलं दिसलं तरी पेपर संपेपर्यंत चहा घेऊन आत यायचं नाही.