सगळे मसाले मूळचे भारतातले? नाही

"जगातले सगळे मसाले मूळचे भारतातले. परकीय आले आणि बिया घेऊन गेले. पुरावा आपल्या प्राचीन ग्रंथांत आहे." असा मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं जे खरं आहे ते खरोखरच अभिमान वाटावा असं आहे. म्हणूनच त्याला चिकटवलेलं खोटं मला जास्त खटकतं.

मिरचीपासून सुरुवात करू, कारण त्या मजकुरातल्या मसाल्यांच्या यादीत ती पहिली आहे. मिरचीच्या रानटी जाती सापडतात त्या अमेरिका खंडात. इक्वेडोरमध्ये वाटायच्या दगडांवर आणि रांधायच्या भांड्यांवर मिरचीचे सुमारे 6000 वर्षांपूर्वीचे स्टार्चकण मिळाले आहेत. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची इथे आली. आयुर्वेदातलं त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. मिरची तेव्हा इथे असती तर तिखट द्रव्यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या वैद्यांच्या नजरेतून ती सुटली असती का?

धने आणि जिरे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिम आशियाच्या पट्ट्यातले. ख्रिस्तपूर्व 1730 च्या सुमाराच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर पाककृती कोरलेल्या आहेत, त्यांत दोन्ही आहेत. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्यातही धने सापडले. आपल्याकडून बिया नेऊन कुणी तिकडे पेरल्याचा काहीच पुरावा नाही. मेथीचंही तसंच.

आता लवंग. इथे जरा थांबायला हवं, कारण "ग्रंथात उल्लेख आहे" हा मुद्दा लवंगेवरच सर्वाधिक रेटला जातो. उल्लेख आहेच. पण ग्रंथात नाव आलं म्हणजे वस्तू वापरात होती एवढंच ठरतं. झाड कुठलं, हे त्यावरून ठरत नाही. आणि ग्रंथच काढायचा तर कालिदासाचं 'रघुवंश' उघडा. सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, कलिंगच्या राजाचं वर्णन करताना समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल तो म्हणतो, "द्वीपान्तरानीतलवङ्गपुष्पैः". दुसऱ्या बेटांवरून लवंगेची फुलं आणणारे वारे! लवंग समुद्रापलीकडची आहे हे कालिदासाला माहीत होतं. आपण मात्र त्याच्याच परंपरेच्या नावाने उलट सांगतोय.

ती बेटं म्हणजे आजच्या इंडोनेशियातली मालुकू: तेर्नाते, तिदोरे आणि त्यांच्या शेजारची. जायफळ आणि जायपत्री त्यांच्या दक्षिणेला असलेल्या बांदा बेटांवरची. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1511 मध्ये त्यांनी आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर जिंकलं आणि पुढच्याच वर्षी बांदा गाठलं. लवंग-जायफळ मलबारात पिकत असतं तर इतक्या पुढे जायची गरजच काय होती? या जायफळापायी डचांनी 1621 मध्ये बांदाच्या लोकांची भीषण कत्तल केली. तो सगळा इतिहास "मूळचे भारतातले" या दोन शब्दांत पुसला जातो, आणि मला हे फार गैर वाटतं.

हिंगाचं मूळ इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियात. भारतात हिंगाची लागवड व्हावी म्हणून पालमपूरच्या हिमालयन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने इराणहून बियाणं मागवलं आणि हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधल्या क्वारिंग गावात पहिलं रोप लावलं, ते ऑक्टोबर 2020 मध्ये!

मग आपलं काय? काळी मिरी आणि वेलची पश्चिम घाटातली, यात शंका नाही. तीळही इथलाच: त्याचा रानटी भाऊबंद भारतातच उगवतो आणि हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत. मिरीची ख्याती तर थक्क करणारी. ख्रिस्तपूर्व 1213 मध्ये मेलेल्या इजिप्तच्या राजाच्या, दुसऱ्या रामसेसच्या, ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे होते. तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बेरेनिके बंदरात, देवळाच्या आवारात, पहिल्या शतकातला एक भारतीय बनावटीचा रांजण सापडला, त्यात साडेसात किलो मिरी होती. इसवी सन 408 मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला आणि तो उठवायला सोन्या-चांदीबरोबर 3000 पौंड मिरी मागितली. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षरही नाही.