तपकिरी पाइप म्हणजे जुना पाइप?

तंबाखू ओढायच्या एका पाइपचा फोटो बरेच दिवस फिरतोय. दाढीवाल्या, फेटेधारी माणसाचा कोरीव चेहरा आणि रंग मधासारखा. खाली मजकूर: ‘मीरशॉम हा समुद्राच्या फेसाचा दगड. पांढराशुभ्र पाइप वर्षानुवर्षं ओढला की तपकिरी होतो, कारण दगड सगळं निकोटिन पिऊन टाकतो. जितका गडद तितका जुना आणि धूर तितका निर्मळ. उघड्या हातानं स्पर्श केलात तर पाइप कायमचा खराब!’ यात एखाददुसरा शब्द खरा आहे, म्हणूनच तो इतका पसरला असावा.

फेसाचं आधी उरकून टाकू. जर्मन भाषेत मीरशॉम म्हणजे ‘समुद्रफेस’, पण समुद्राशी संबंध नावापुरताच. हे सेपिओलाइट नावाचं खनिज, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मॅग्नेशियमचं सिलिकेट. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या आसपास ते जमिनीखालून गोळ्यांच्या रूपात काढतात. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो. सेपिओलाइट हे नाव १८४७ साली सेपिया, म्हणजे माकुळ, यावरून पडलं. गंमत अशी, की मराठीतही ‘समुद्रफेस’ म्हणतात ते माकुळाच्या पाठीतल्या कवचालाच!

आता रंग. शुद्ध निकोटिन जवळजवळ बिनरंगी असतं, हवा-उजेड लागला की ते तपकिरी होतं. तंबाखूतलं डांबर आणि तेलकट द्रव्यं रंगाला हातभार लावतात हे खरं. पण या मजकुरात मुख्य पात्रच गायब आहे, ते म्हणजे मधमाश्यांचं मेण. दगड ओला असताना मऊ असतो, तेव्हाच तो कोरतात. मग वाळवून, घासून, वितळलेल्या मेणात बुडवतात. पुढे पाइप ओढताना तो तापतो, मेण सैल होतं, छिद्रांतून सरकतं, धुरातली द्रव्यं सोबत नेतं आणि उष्णतेनं स्वतःही गडद होत जातं. नुसतं शोषणच असतं तर तंबाखू जळतो त्या भागाभोवती रंग सगळ्यात आधी दिसायला हवा होता. दिसतं उलटं. बहुधा दांडी आणि तंबाखू भरायच्या वाटीचा तळ आधी पिवळा, मग मधाळ, मग तपकिरी होतो. वरची कड मात्र बराच काळ फिकट राहते, कारण तिथे आच जास्त आणि मेण टिकत नाही.

मीरशॉमच्या पहिल्या पाइपची एक दंतकथा सांगतात. १७२३ साली हंगेरीतल्या पेस्ट शहरातल्या एका चांभारानं तो कोरला, त्याच्या बोटांचं मेण जिथे लागलं नेमका तिथेच रंग चढला, आणि मग त्यानं सगळा पाइपच मेणात बुडवला. घडलं असेल-नसेल, पण रचणाऱ्याला मेणाचं काम ठाऊक होतं.

‘गडद तितका जुना’ हे तर साफ चूक. रंग किती चढेल ते दगडाचा पोत, मेणाचं प्रमाण आणि पाइप किती वेळा, किती तापवून ओढला यावर ठरतं. कधीच न पेटवलेला पाइपही पेटीत पडून राहिला तर जुन्या मेणामुळे हस्तिदंती होतो. उलट, कारखान्यातूनच रंगवून बाहेर पडलेले नवे पाइप असतात. चुरा दाबून बनवलेला मीरशॉम कितीही ओढा, अस्सल दगडासारखा खुलत नाही. तेव्हा रंग पाहून वय सांगणाऱ्या विक्रेत्याकडे जरा संशयानंच बघावं.

सगळ्यात घातक वाक्य निर्मळ धुराचं. सच्छिद्र दगड थोडा ओलावा आणि डांबर शोषतो, त्यामुळे धूर कोरडा, सौम्य लागतो. एवढंच. बाकीचं सगळं तोंडात जातंच, आणि पाइप ओढण्यानं ओठ, तोंड आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो. पाइप कितीही सुंदर रंगला तरी त्यात फरक पडत नाही.

राहिला हाताचा स्पर्श. थंड पाइप हातात घेतल्यानं काही बिघडत नाही. तापलेल्याचं मेण मऊ असतं, त्यावर बोटांचा मळ बसून डाग पडू शकतात, म्हणून निवेपर्यंत तो दांडीला धरतात. खरं जपायचं असतं ते आतून: वाटीत काजळीचा जाड थर साचू दिला तर तो तापून फुगतो आणि दगडाला तडा जाऊ शकतो.